अभिषेकानंतरचा वनवास

मशीहा या विषयावर मी नाशकात जेव्हा जेव्हा बोललो, तेव्हा व्याख्यान संपल्यावर कुणीतरी उठून हमखास विचारले, "म्हणजे हा त्यांचा कल्कीच ना?" विचारणारे बहुधा निवृत्त मास्तर असत आणि त्यांचा सूर प्रश्नाचा नसे, उत्तर सापडल्याचा असे. पहिल्या दोन-तीन वेळा मी "अगदी तसं नाही, पण..." असे म्हणून वेळ मारून नेली. पुढे लक्षात आले, की या 'पण'नंतर जे सांगायचे ते सतरंज्या गुंडाळल्या जात असताना उभ्या उभ्या सांगण्याजोगे नाही. हे पुस्तक त्या 'पण'चे आहे.

आधी शब्दाचे पाहू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. हिब्रू भाषेत 'माशिआह' म्हणजे ज्याच्या डोक्यावर तेल ओतले आहे तो. ग्रीक भाषेत त्याचे भाषांतर 'ख्रिस्तोस' झाले. येशू ख्रिस्त या नावातले 'ख्रिस्त' हे आडनाव नव्हे, ती पदवी आहे, हे शिकल्यासवरल्या माणसांनाही सांगावे लागते. हाच शब्द अरबीतून उर्दूत आणि उर्दूतून हिंदी सिनेमात गेला, आणि आता आपली वर्तमानपत्रे कुठल्याही पुढाऱ्याला वाढदिवसाच्या पुरवणीत 'गरिबांचा मसीहा' करून टाकतात. या प्रवासात तेल सांडून गेले आणि राजाही हरवला. उरला तो नुसता कनवाळू माणूस. मूळ शब्दात कनवाळूपणा नाही, अधिकार आहे. मराठी बायबलने त्यासाठी 'अभिषिक्त' हा शब्द वापरला, तो मला फार नेमका वाटतो, पण त्यातही एक मेख आहे.

आपण अभिषेक म्हटले की डोळ्यांपुढे त्र्यंबकेश्वर येते. पिंडीवर धार, हातात पळी, बाजूला रुद्राचा पाठ. आपल्याकडे रोजच्या व्यवहारात माणूस देवाला अभिषेक करतो. इस्राएलात धार उलट्या दिशेने पडते. तिथे देवाने निवडलेल्या माणसाच्या डोक्यावर संदेष्टा तेल ओततो. तेल ऑलिव्हचे, भांडे बैलाचे किंवा मेंढ्याचे शिंग. राजाला अभिषेक होई, याजकालाही होई. यशयाच्या ग्रंथात तर पारशांचा राजा कोरेश, जो यहूदी नव्हताच, त्यालाही देवाचा अभिषिक्त म्हटले आहे, कारण बाबेलात अडकलेल्या लोकांना त्याने घरी जाऊ दिले. म्हणजे मुळात मशीहा हा जगाच्या अंताला घोड्यावरून येणारा कुणी नव्हता. ज्याच्यावर कामगिरी सोपवली आहे, तो मशीहा.

देवाकडून माणसाकडे येणारा अभिषेक आपल्याला अगदीच परका आहे असे मात्र नाही. शिवाजी महाराजांनी राज्य कमावले, किल्ले बांधले, सुरत लुटली, आणि तरीही 6 जून 1674 पर्यंत ते शास्त्राच्या भाषेत राजे नव्हते. तिथे आधी राज्य झाले आणि मग अभिषेक. दावीदाचे नेमके उलटे झाले. मेंढरे राखणाऱ्या पोराच्या डोक्यावर शमुवेलाने गुपचूप तेल ओतले तेव्हा गादीवर शौल होता, आणि तो पुढे कित्येक वर्षे हललाही नाही. अभिषिक्त राजा रानोमाळ, गुहांमधून लपत हिंडत राहिला. एकदा शौल नेमका त्याच गुहेत एकटा शिरला, तर दावीदाने त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापून घेतला आणि त्याला जिवंत सोडले. का, तर तोही अभिषिक्त होता. तिसरा राजा तर आपल्या गावचाच. अयोध्येत अभिषेकाची तयारी झाली, कलश भरून ठेवले होते, आणि ऐन वेळी तो मोडला. पुढची वर्षे त्याने जिथे काढली त्यातली एक जागा म्हणजे पंचवटी. गादीवर पादुका आणि राजा गोदेकाठी. नाशिक हे राजा रामाचे गाव आहे असे आपण सहज म्हणतो, पण खरे तर ते राजा होता होता राहिलेल्या रामाचे गाव आहे. नाशिककराला मशीहाचा प्रश्न इतरांपेक्षा लवकर कळावा, असे मला नेहमी वाटत आले ते यामुळे. कारण तो सारा प्रश्न याच मधल्या काळाचा आहे. अभिषेक आणि राज्य यांच्यामध्ये जे अंतर पडते, त्या अंतरात राहणाऱ्याला राजा म्हणायचे की नाही?

यहूदी परंपरेचे उत्तर समजून घ्यायचे तर तिला राजा या वस्तूविषयी मुळात किती संशय होता हे पाहावे लागते. लोकांनी शमुवेलाकडे राजा मागितला तेव्हा देव त्याला म्हणाला, की त्यांनी तुला नाही, मलाच राजा म्हणून नाकारले आहे. मग शमुवेलाने लोकांना बजावले, की राजा तुमची पोरे रथापुढे धावायला नेईल, पोरी स्वयंपाकाला नेईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल. इतके स्पष्ट बोलणारा धर्मग्रंथ मी दुसरा वाचलेला नाही. खरा राजा देवच. माणूस राजा ही तडजोड. तरीही याच परंपरेत पुढे नाथान संदेष्टा दावीदाला वचन देतो, की तुझे सिंहासन कायमचे राहील, आणि देव तुझ्या वंशजाला पुत्र मानील. 'मानील' हे क्रियापद महत्त्वाचे आहे. मिसरचा फारो जन्माने देव होता. यरुशलेमचा राजा देवाने पदरात घेतलेला मुलगा होता, चुकला तर छडी खाणारा.

इ.स.पू. 586 मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडले आणि दावीदाची गादी रिकामी झाली. वचन तर कायमचे होते. रिकामी गादी आणि न फिटलेले वचन यांतून मशीहाची वाट पाहणे सुरू झाले. पुढे कुणी एका मशीहाची वाट पाहिली, मृत समुद्राकाठच्या मंडळींनी दोघांची, एक राजा आणि एक याजक. इ.स. 132 मध्ये बार कोखबाने रोमविरुद्ध बंड केले तेव्हा रब्बी अकिवासारख्या माणसाने त्याला मशीहा म्हटले. तीन वर्षांत बंड चिरडले गेले. सतराव्या शतकात शब्बताई झ्वीच्या मागे अर्धे यहूदी जग वेडे झाले आणि 1666 मध्ये सुलतानापुढे त्याने मुकाट्याने धर्म बदलला. अशा ठेचा खाल्लेल्या समाजाला कसोटी कडक लावावीच लागते. ती बाराव्या शतकात मायमोनिडीसने लावून दिली. त्याच्या मते मशीहा हा माणूसच असेल, राजा असेल, त्याने चमत्कार करून दाखवण्याची गरज नाही, सृष्टीचे नियमही बदलणार नाहीत. तो लोकांना धर्मशास्त्राकडे वळवील, मंदिर उभारील, विखुरलेल्यांना गोळा करील. हे झाले तर तो मशीहा. हे होण्याआधी मारला गेला तर तो चांगला राजा असेल, पण ज्याचे वचन दिले होते तो नव्हे. हिशेब असा रोकडा आहे.

आता ख्रिस्ती बाजू. तिची सगळी ताकद या हिशेबाकडे पाठ फिरवण्यात आहे. राजा आला, तो गाढवावर बसून आला, आणि त्याला काट्यांचा मुकुट घालून खांबावर चढवले. वर पाटी लावली, 'यहूद्यांचा राजा', हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत. पिलाताने ती थट्टा म्हणून लावली असेल. ख्रिस्ती माणूस ती अक्षरशः खरी मानून वाचतो. मारला गेला म्हणून तो मशीहा नव्हे, असे एक परंपरा म्हणते. मारला गेला आणि उठला म्हणूनच तो मशीहा, असे दुसरी म्हणते. उरलेले काम, म्हणजे शांती, न्याय, तलवारींचे नांगर होणे, ते दुसऱ्या येण्यावर सोपवले आहे. म्हणजे वाट पाहणे ख्रिस्ती माणसालाही सुटलेले नाही. आरंभीच्या मंडळीची एक प्रार्थना अरामी भाषेतच जपली गेली, 'मारानाथा', आमच्या प्रभू ये.

या राजाच्या अभिषेकाचे काय, असा प्रश्न मला फार दिवस पडला होता, कारण शुभवर्तमानात कुठेही शमुवेल शिंग घेऊन येत नाही. तेल येते ते एका बाईच्या हातून. बेथानीच्या एका घरात जेवणाच्या पंगतीत ती शिरते, संगजिऱ्याची कुपी फोडते आणि सुगंधी तेल येशूच्या डोक्यावर ओतते. बसलेले लोक चिडतात, की हे तीनशे दिनारांना विकून गरिबांना दिले असते. येशू म्हणतो, तिने माझ्या पुरण्याची तयारी केली आहे. राज्याभिषेक आणि अंत्यविधी एकाच कुपीत. हे तेल नार्दाचे होते, आणि नार्द म्हणजे आपली जटामांसी. हिमालयात उगवणारी ही मुळी भडोचच्या बंदरातून रोमन जगात जाई. काष्ठौषधींच्या कुठल्याही दुकानात आजही ती पुडीत बांधून मिळते. केसांच्या तेलात घालायला बायका नेतात. तपकिरी, केसाळ, एखाद्या बैराग्याची जट कापून ठेवावी तशी. वास ओल्या मातीचा आणि थोडा उग्र. मी ती मुद्दाम आणून टेबलावर ठेवली आहे. मशीहा हा शब्द मला पुस्तकांपेक्षा या पुडीने अधिक कळला असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

दैवी राजेपणाविषयी बोलायचे तर नाशिककराला पॅलेस्टाइनला जाण्याचीही गरज नाही. 1906 मध्ये सिन्नर तालुक्यात, गोदावरी आणि दारणा यांच्या संगमावरच्या जोगलटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, 13,000 हून अधिक नाणी. सगळी क्षत्रप नहपानाची. एका बाजूला त्याचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. येशूच्या पाटीसारख्याच तीन लिप्या, आणि काळही त्यानंतर फार दूरचा नाही. यातल्या दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केल्यावर आपला ठसा पुन्हा मारला. चेहऱ्यावर थेट चैत्याचे चिन्ह. पण चांदी तीच राहिली, आणि कित्येक नाण्यांवर नव्या ठशाखालून जुन्या राजाचे नाक किंवा कान डोकावतो. येशूला अडकवायला लोकांनी कराचे नाणे पुढे केले आणि त्याने विचारले, की यावर कोणाचा चेहरा आहे? ते नाणे तिबेरियसचे असावे असे बहुतेक अभ्यासक धरतात, आणि तिबेरियसच्या नाण्यावर त्याला दैवी ऑगस्टसचा पुत्र म्हटले आहे. म्हणजे 'देवाचा पुत्र' हा शब्दप्रयोग त्या काळी रोजच्या बाजारहाटात, लोकांच्या मुठीत होता. ज्यांनी तो एका सुताराला लावला, त्यांना आपण काय करतो आहोत हे पक्के ठाऊक होते.

इकडे पांडवलेण्यातल्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई बलश्री हिने मुलाची प्रशस्ती कोरवून घेतली. पराक्रमात तो राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्यासारखा, असे ती म्हणते. 'सारखा' म्हणते, 'तोच' म्हणत नाही. मुलगा गेल्यानंतर नातवाच्या कारकिर्दीत आईने लिहवून घेतलेला हा लेख मी जेव्हा वाचतो तेव्हा त्या एका उपमेपाशी थांबतो. ख्रिस्ती आणि यहूदी यांच्यातले भांडण नेमके या 'सारखा' आणि 'तोच' यांच्यामधल्या फटीत आहे. पहिल्या शतकात वाद एवढाच होता, की मशीहा आला की नाही. पुढे त्यात दुसरा वाद मिसळला, की हा राजा देवाने पदरात घेतलेला पुत्र की स्वरूपानेच देव. 325 साली निकाया येथे बिशपांनी दुसऱ्या बाजूने कौल दिला, आणि त्यानंतर यहूदी माणसाला या घरात पाय ठेवायलाही जागा उरली नाही. देव राजा आहे हे तो रोजच्या प्रत्येक आशीर्वचनात म्हणतो. राजा देव आहे, हे त्याच्या तोंडून निघू शकत नाही.

आणि इथेच कल्कीचे उत्तर. यहूदी मशीहा अवतार नाही, कारण तो देवच नाही. ख्रिस्ती मशीहाही अवतार नाही, कारण अवतार पुन्हा पुन्हा होतात आणि हे एकदाच घडले, पंतय पिलात नावाच्या एका रोमन सुभेदाराच्या अमदानीत, असे ख्रिस्ती माणूस हट्टाने सांगतो. एक सुभेदार धर्माच्या मूळ कबुलीत नावानिशी बसला आहे, तो या हट्टापायी.

मराठीत हे दोन्ही पक्ष फार जुने आहेत, ही गोष्ट आपण विसरतो. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची आठवण अशी, की नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष आणि सात बाया वाचल्या. पुढे ते तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून 'शनिवार तेली'. अभिषेकाच्या धर्माचे लोक तेलाच्याच धंद्यात पडले, याला योगायोगच म्हणायचे. त्यांच्या सणांची नावे पाहा : नव्याचा सण, दारफळणीचा सण, अनशी धाकाचा सण. पहिला म्हणजे यहूदी वर्षारंभ, त्याचा मुख्य विषय देवाचे राजेपण. नावात राजाचा मागमूस नाही, शेताचा वास आहे.

या समाजाचा लाडका माणूस मशीहा नाही, मशीहाचा भालदार आहे. एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्टा. अग्निरथातून तो जिवंत स्वर्गात गेला आणि मशीहाच्या आधी परत येणार, अशी श्रद्धा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. लग्न ठरले, आजारी माणूस उठला, नवस फिटला, नवे घर घेतले, की त्याच्या नावाने मलिदा होतो. पोहे भिजवून त्यात ओले खोबरे, साखर, सुका मेवा, भोवती फळे मांडलेली. मग त्याच्या नावाचे हिब्रू गाणे, ज्यात तो दावीदपुत्र मशीहाला घेऊन लवकर यावा अशी विनवणी आहे. मला यात गंमत वाटते ती ही, की जगाच्या शेवटाची एवढी मोठी गोष्ट एका ताटात मावली. राजा यायचा तेव्हा येईल, निरोप्याला तर बोलवा, पोहे तयार आहेत.

ख्रिस्ती म्हणतात एलिया आला, बाप्तिस्मा करणारा योहान तोच. म्हणून एलिया आला की नाही, या प्रश्नातच दुसरा प्रश्न बांधलेला आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी कोकणात आणि मुंबईत आले तेव्हा त्यांना हे यहूदी भेटले. जॉन विल्सनने 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. शाळा काढल्या, बायबल मराठीत दिले. मशीहा आला आहे हे सांगायला आलेल्या माणसांकडून बेने इस्राएलांनी हिब्रू घेतले, मराठी बायबल घेतले, आणि ते उत्तर तेवढे सविनय परत केले. 1880 च्या सुमारास त्यांनी आपल्या कुलपुरुषांवर आणि संदेष्ट्यांवर मराठीत कीर्तने सुरू केली, पूर्वरंग-उत्तररंगासकट. युरोपात याच वादापायी यहूद्यांच्या वस्त्या जळाल्या. इथे वाद झाला तो पुस्तकांनी आणि टाळ-झांजांनी.

दुसरी बाजू खुद्द नाशकाची. शरणपूर रस्त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे नाव कशावरून पडले ठाऊक आहे? गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले विल्यम प्राइसच्या शरणपूर नावाच्या मिशन वस्तीत राहिली, सुतारकाम, लोहारकाम आणि बायबल शिकली. त्यांतलीच काही लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत गेली, आणि जेकब वेनराइट 1874 मध्ये त्याच्या शवाबरोबर वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत पोहोचला. राजाच्या राज्यात शेवटचे पहिले होतील, हे वाक्य त्या मुलांना कसे ऐकू आले असेल, याचा विचार मी अधूनमधून करतो.

आणि टिळक. नारायण वामन टिळक नाशकात शिकले, त्यांची लक्ष्मी इथल्याच जलालपूरची. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी स्वतःची मंडळी काढली, तिचे नाव 'देवाचा दरबार'. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. दिल्लीत पंचम जॉर्जचा दरबार भरून तेव्हा सहा वर्षे झाली होती आणि तो शब्द लोकांच्या मनात ताजा असणार. टिळकांनी तोच उचलला. 'देवाचे राज्य' हा बायबलचा शब्द हाताशी असताना दरबार का? राज्यात प्रजा असते, दरबारात माणूस समोर उभा राहून अर्ज करू शकतो, हे एक कारण मला दिसते. दोन वर्षांत टिळक गेले. येशूच्या चरित्रावरचे त्यांचे काव्य 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि ओवीत आणखी 64 अध्याय रचले. शाळेत न गेलेल्या बाईने, रामायणाच्या गावात, रामायणाच्या घाटावर, दुसऱ्या एका वनवासी राजाची कथा. 1936 मध्ये त्या नाशकातच वारल्या, पुस्तक नंतर छापून निघाले.

या पुस्तकात गोव्याच्या फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' आणि केडगावी पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेले मराठी बायबल यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत, म्हणून इथे त्यांना हात लावत नाही. नावे मी मराठी बायबलातली वापरली आहेत, फक्त बेने इस्राएलांच्या संदर्भात त्यांची स्वतःची. दोन्ही परंपरांत माझा जन्म नाही. एका बाजूच्या वाचकाला मी दुसऱ्याकडे झुकलो असे वाटेल. झुकलो असेन तर रिकाम्या गादीकडे, तिच्यावर कोण बसला यापेक्षा ती रिकामी असताना माणसे कशी जगली याचे मला अधिक कुतूहल आहे.

पहिले प्रकरण बेथलेहेमात उघडते. शमुवेल तेलाचे शिंग घेऊन इशायच्या दारात उभा आहे. सात उंचेपुरे मुलगे एकेक करून पुढे येऊन गेले, सातांनाही नकार मिळाला. आणखी कुणी आहे का, असे म्हाताऱ्याने विचारले. आहे एक धाकटा, पण तो मेंढरांकडे गेला आहे. त्याला बोलवायला माणूस धाडला आहे, आणि तो येईपर्यंत पंगतीला कुणी बसणार नाही.